रुळांना इथे निवृत्ती नाही

ठाण्याच्या येऊर डोंगराच्या पायथ्याशी रविवारी पहाटे आमचा जो सायकलवाल्यांचा घोळका जमतो, त्यात एक काका आहेत. मुलाकडे अमेरिकेत दोन महिने राहून आले आणि तेव्हापासून एकच विषय: तिकडे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून सायकल चालवली. सिग्नल नाही, रिक्षा नाही, चढ जाणवतही नाही आणि वाटेत अख्खा बोगदा. "देशातली पहिली गाडी ठाण्याला आली, मग असला रस्ता आपल्याकडे का नाही?" असं ते चहाचा ग्लास हातात धरून विचारतात. प्रश्न गमतीचा आहे, पण त्याच्या उत्तरात ठाण्याचा बराच इतिहास आहे.

सुरुवातीला १९१६ हे साल धरू. त्या वर्षी अमेरिकेतलं रेल्वेचं जाळं सर्वांत लांब होतं, सुमारे २,५४,००० मैल. पुढे ते आक्रसतच गेलं. त्याच वर्षी इकडे ठाण्याच्या पुढे सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा सुरू झाला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली गाडी १८५४ साली खाडी ओलांडून कल्याणला गेली होती. तो जुना मार्ग मुंब्र्याच्या बाजूने डोंगराला वळसा घालून जायचा. बोगद्याने वळसा वाचला. दुसऱ्या एखाद्या देशात अशा वेळी जुने रूळ उखडले गेले असते आणि पन्नास वर्षांनी तिथे सायकली फिरल्या असत्या. आपल्याकडे वळशावर गाड्या चालूच राहिल्या आणि आजही मुंब्र्याचा माणूस त्याच बाजूने लोकल पकडतो. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

अमेरिकेत रूळ मोकळे झाले ते मोटारींमुळे. शिकागोच्या पश्चिम उपनगरांत विजेवर धावणारी एक गाडी होती, म्हणजे आपल्या लोकलची चुलत बहीणच. शहरात जाणारा मोठा द्रुतगती रस्ता बांधायला घेतला, प्रवासी मोटारीत बसले आणि १९५७ साली ती प्रवासी सेवा बंद पडली. मे वॅट्स नावाच्या निसर्ग-अभ्यासक बाईंनी १९६३ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ला पत्र लिहिलं: ही पट्टी बुलडोझरच्या हाती जाण्याआधी लोकांना चालायला द्या. त्यातून 'इलिनॉय प्रेअरी पाथ' उभा राहिला. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याने १९६५ च्या सुमारास एलरॉय ते स्पार्टा हा ३२ मैलांचा बंद मार्ग विकत घेतला. काका गेले होते ते इथेच. त्यात तीन बोगदे आहेत आणि सर्वांत मोठा ३,८१० फुटांचा, म्हणजे आपल्या पारसिकच्या जवळपास जाणारा. आत सायकलवरून उतरून, टॉर्च लावून, छतातून टपकणाऱ्या पाण्याखालून चालत जावं लागतं. हिवाळ्यात आत बर्फ धरू नये म्हणून पूर्वी या बोगद्यांना अवजड लाकडी दरवाजे होते आणि प्रत्येक गाडीसाठी पहारेकरी ते उघडायचा. हे दरवाजे काकांना बोगद्यापेक्षाही जास्त आवडलेले दिसतात. दर रविवारी त्यांचा उल्लेख होतोच.

जागा मिळवणं मात्र सोपं नव्हतं. बऱ्याच ठिकाणी रेल्वे कंपनीकडे फक्त वहिवाटीचा हक्क होता. गाडी बंद झाली की जमीन शेजारच्या शेतकऱ्याकडे परत जायची आणि सलग मार्गाचे तुकडे व्हायचे. १९८३ मध्ये कायदा बदलला: पुढेमागे रेल्वे लागेल म्हणून पट्टी राखून ठेवायची, तोवर तिच्यावर लोकांनी चालावं, सायकल चालवावी. मिसुरी राज्यातला कॅटी ट्रेल याच सोयीतून झाला. आज त्याची लांबी सुमारे ३८५ किलोमीटर आहे. इंग्लंडमध्ये तोट्यातले मार्ग बंद करा म्हणणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैल रूळ बंद झाले आणि ब्रिस्टल ते बाथ हा मार्ग १९७९ पासून सायकलप्रेमींनी स्वतः खपून तयार केला. न्यूझीलंडमध्ये ओटागोचा १५० किलोमीटरचा मार्ग २००० साली खुला झाला.

या रस्त्यांवर सायकल इतकी सुखात का चालते, याचं श्रेय वाफेच्या इंजिनाला जातं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढाला घसरतं, म्हणून इंजिनिअरांनी डोंगर कापले, दऱ्या भरल्या आणि चढ शक्यतो शंभराला एक-दोन असाच ठेवला. बोरघाटातला ३७ ला १ चढ हा अपवाद आणि त्यासाठी आजही मागून जादा इंजिनं लावावी लागतात. साठीतल्या गुडघ्यांना हे गणित लगेच पटतं.

आपल्याकडे रूळ मरत नाहीत. छोट्या गेजच्या गाड्या गेल्या त्या बहुतेक ठिकाणी ब्रॉडगेजला जागा देऊन. नाही म्हणायला अंधेरी ते तुर्भे (चेंबूरकडचं, नवी मुंबईतलं नव्हे) अशी सेंट्रल साल्सेट ट्रामवे १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. कलिन्याचा सीएसटी रोड हे तिचंच नाव. बहुतेकांना ते व्हीटी स्टेशनचं वाटतं. सायकलवाल्याने तिथे संध्याकाळी सहाला जाऊन दाखवावंच.

मग आमच्या वाट्याला काय आलं? येऊर मिळालं ते राष्ट्रीय उद्यानामुळे. जंगल सरकारचं राहिलं, म्हणून पाड्यांकडे जाणारा रस्ता झाडीतून जातो. पण तो डोंगरावरचा रस्ता आहे, रुळांचा नव्हे. पहिल्याच वळणावर कळतं. खाडीपलीकडे सिडकोने १९७० नंतर नवी मुंबई आखली आणि वाशी ते बेलापूर सुमारे दहा किलोमीटरचा पाम बीच रोड मिळाला. एका बाजूला कांदळवन, हंगामात रोहित पक्षी, आणि सायकलसाठी हवा तसा सपाट. फक्त मोटारींनाही तो तितकाच हवासा वाटतो, म्हणून तिथे जायचं तर उजाडायच्या आत. कांदळवनातून वेगळा मार्ग काढावा म्हणावं, तर २००५ पासून उच्च न्यायालयाचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं.

रेल्वेमार्गाशी खरं नातं सांगते ती एकच पट्टी: तानसा तलावाची पाइपलाइन. १८९२ पासून तानसाचं पाणी मुंबईला येतंय, तेही मुख्यतः उताराने. म्हणजे पट्टी लांबच लांब, मालक एकच आणि उतार बेताचा. पाइपांना खेटून वस्ती वाढली. न्यायालयाच्या आदेशानंतर दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करायला सुरुवात झाली. ती पुन्हा भरू नये म्हणून मुंबई महापालिकेने 'हरित वारी, जल तीरी' नावाने ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आखला. त्याचे काही तुकडे झाले, सलग मार्ग झालेला नाही. अमेरिकेत तुकड्यांची भीती का वाटत होती, ते इथे दिसतं.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "ते पाइप आपल्या ठाण्यातूनच जातात ना?" जातात. ट्रॅकचा आराखडा मात्र मुलुंडपासून सुरू होतो.