प्रकाशाचे बत्तीस वाटे

‘गावात टॉवर उभा राहिला म्हणजे वेगवान इंटरनेट आलं’ हा समज फार पक्का आहे. अलीकडे उपग्रहांचा गाजावाजा सुरू झाल्यापासून तर केबलचे दिवस संपले, असं सर्रास बोललं जातं. खंडाखंडांमधली ९५ टक्क्यांहून जास्त माहिती मात्र आजही समुद्रतळावरच्या काचेच्या तंतूंमधूनच जाते, आणि टॉवरला भरपूर वेग हवा असेल तर त्याच्या पायथ्याशीही फायबरच आणावं लागतं. (टॉवरबद्दल याहून घातक समजही आहेत. फाइव्ह-जीमुळे करोना पसरतो या अफवेपायी २०२० साली ब्रिटनमध्ये लोकांनी डझनावारी टॉवर पेटवले. विषाणू रेडिओलहरींवरून प्रवास करू शकत नाही, आणि ते टॉवर त्या संकटात लोकांना फोनसाठी हवे होते.)

फायबर न्यायचं तर चर खणावा लागतो, आणि खरा खर्च तिथेच आहे. दाट वस्तीत शंभर मीटर चरात शेकडो घरं जोडली जातात. विरळ वस्तीत जेमतेम एखादं. कंपनीचा हिशेब इथे बसत नाही. सरकारकडे पैसा असतो आणि परताव्यासाठी वीस-पंचवीस वर्षं थांबायची ताकद असते, पण रोजची ग्राहकसेवा त्याला जमतेच असं नाही. गावाकडे जमीन असते, माणसं असतात. इंग्लंडच्या लँकेशरमध्ये २०११ साली सुरू झालेल्या ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ या लोकांच्या संस्थेला शेतकऱ्यांनी शेतातून केबल न्यायला फुकट वाट दिली आणि गावकरी स्वतः खोदाईला उतरले. कॅटलोनियात २००४ पासून वाढलेल्या ‘गिफी-नेट’मध्ये जाळं सामायिक आहे, त्यावर अनेक छोट्या कंपन्या सेवा विकतात आणि खर्च वापराच्या प्रमाणात वाटून घेतात.

सरकार, कंपनी आणि गाव यांच्या अशा भागीदारीचे करार करताना एक वस्तू हमखास नजरेआड होते: एका तंतूतला प्रकाश अनेक घरांना वाटून देणारा स्प्लिटर.

बोटाएवढी वस्तू. ना वीज लागते, ना पंखा. आत काचेची चकती असते आणि तिच्यात प्रकाशाच्या वाटेला फाटे फुटतात: एकाचे दोन, दोनाचे चार, असे पाच वेळा फुटले की बत्तीस. दर फाट्याला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे प्रकाशाची घट मोजायच्या एककात ३ डेसिबल. पाच फाट्यांचे १५ आणि बारीकसारीक गळती धरून सुमारे १७. फायबरमध्ये दर किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबल जातात, म्हणजे २० किलोमीटरना ७. एकूण झाले २४. स्प्लिटरने घरोघरी फायबर पोहोचवणाऱ्या नेहमीच्या ‘जीपॉन’ यंत्रणेला २८ डेसिबलपर्यंतची घट चालते. तेवढी घट झाली, तर मूळ प्रकाशाचा सहाशेतिसावा भाग हाती येतो आणि तेवढ्यावर ती अचूक वाचन करते! उरलेल्या ४ डेसिबलमध्ये सगळे जोड बसवायचे. बत्तीसऐवजी चौसष्ट घरं जोडायची म्हटली तर आणखी किमान ३ गेले, मग अंतर कमी करावं लागतं. घरं लांबलांब असलेल्या भागात हा हिशेब फार लवकर संपतो.

घराकडून येणाऱ्या माहितीची गोष्ट याहून सुंदर आहे. बत्तीस घरांचे लेझर एकाच तंतूत शिरतात, म्हणून एका वेळी एकानेच बोलायचं. पाळ्या ठरवतं केंद्रातलं, म्हणजे तो तंतू जिथून निघतो तिथलं यंत्र. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. २० किलोमीटरवरच्या घराचा संदेश पोहोचायला १०० मायक्रोसेकंद लागतात, २ किलोमीटरवरच्या घराचा १० मध्ये पोहोचतो. केंद्र प्रत्येकाचं अंतर मोजून जवळच्याला थोडं थांबायला सांगतं, तेव्हा कुठे सगळ्यांचे संदेश टक्कर न होता रांगेत येतात. एका घराचा लेझर बिघडून सतत चालू राहिला, तर बाकी एकतीस घरं मुकी होतात.

म्हणजे केंद्रात मूळ आणि घरोघरी फांद्या असलेल्या या झाडाला पाळ्या लावणारा मालक एकच लागतो. त्याच पद्धतीच्या दुसऱ्या कंपनीचं यंत्र त्याच मुळाशी, त्याच रंगाच्या प्रकाशावर बसवता येत नाही. स्प्लिटर वाटेत कुठेतरी पुरला आणि केंद्रातलं यंत्र एका कंपनीच्या हाती दिलं, की चर सरकारी पैशाने खणलेला असूनही गाव त्या कंपनीशी बांधलं जातं. दुसरीला यायचं तर पहिलीकडूनच घाऊक दराने क्षमता विकत घ्यावी लागते, आणि तो दर कोण ठरवणार यावर पुढचं सगळं अवलंबून. करारात ‘खुलं जाळं’ असं कितीही ठळक लिहिलेलं असो.

माझ्या मते सार्वजनिक पैशाने काम होत असेल तर प्रत्येक घराचा वेगळा तंतू गावाच्या वितरणपेटीपर्यंत आणावा आणि स्प्लिटर त्या पेटीत ठेवावेत. जास्त तंतूंची केबल थोडी महाग पडते, पण चर तोच आणि खोदाई तीच. पेटीची किल्ली पंचायतीकडे किंवा गावाच्या संस्थेकडे असावी, कंपन्यांनी आपापला स्प्लिटर आत बसवून जागेचं भाडं द्यावं. मग एखाद्या घराला कंपनी बदलायची झाली, तर पेटी उघडून त्याच्या तंतूची बारीक पिवळी दोरी एका स्प्लिटरमधून काढून शेजारच्या स्प्लिटरमध्ये खोचायची आणि घरातलं यंत्र बदलायचं.