आरपीई: ‘दहापैकी किती?’ हा प्रश्न आला कुठून

हल्ली कुठल्याही रनिंग ग्रुपवर ट्रेनिंग प्लॅन पडला की त्यात ‘आज आरपीई ४’ (रेटिंग ऑफ पर्सीव्ह्ड एक्झर्शन, म्हणजे किती कष्ट वाटले त्याचा दहापैकी आकडा) असं काहीतरी असतं आणि नवीन आलेला माणूस हमखास विचारतो की हे घड्याळात कुठे दिसतं. दिसत नाही. घड्याळ फार तर तुम्हालाच विचारेल, कारण किती कष्ट वाटले ते पळणाऱ्यानेच सांगायचं असतं. मग बऱ्याच जणांचा समज होतो की ज्याच्याकडे छातीला लावायचा हार्ट रेटचा पट्टा नाही त्याच्यासाठी काढलेला हा स्वस्तातला उपाय आहे. खरं तर पोलार कंपनीचा पहिला वायरलेस हार्ट रेट मॉनिटर आला १९८२ मधे आणि कष्ट मोजायची ही स्केल तिच्या मूळ रूपात त्याच्या आधीच वापरात होती.

स्केल काढली गुन्नार बोर्ग या स्वीडिश माणसाने, आणि तो ना कोच होता ना डॉक्टर, तो होता मानसशास्त्रज्ञ. १९५० च्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या उत्तरेला उमिओ गावात हान्स डालस्ट्रॉम नावाच्या डॉक्टरबरोबर त्याने काम सुरू केलं. उजेड दुप्पट केला तर डोळ्याला किती पट वाटतो, आवाजाचं काय, असले प्रयोग मानसशास्त्रात आधीपासून चालू होतेच, त्यात अमेरिकेतला स्टीव्हन्स आघाडीवर. बोर्गने तोच प्रश्न सायकलवर बसलेल्या माणसाला विचारला. उत्तर मजेशीर आलं, सायकलवरचा लोड वाढतो त्यापेक्षा कष्टाची जाणीव जास्त वेगाने वाढते, घातांक साधारण १.६, म्हणजे वॅट दुप्पट केले तर माणसाला कष्ट जवळजवळ तिप्पट वाटतात. चढावर पळणाऱ्याला हे सांगायची गरज नाही!

पण यात एक अडचण होती आणि मला वाटतं बोर्गचं खरं डोकं इथे दिसतं. ‘मघापेक्षा किती पट’ असं विचारलं की आलेख छान मिळतो, पण एक जण १० म्हणतो आणि दुसरा ४०, मग जास्त कोण दमलंय हे कसं ठरवणार? डॉक्टरला तर समोरच्या पेशंटचंच ठरवायचं असतं. बोर्गने असं धरलं की अगदी काहीच कष्ट नाहीत इथपासून ते आता जीव जाईल इथपर्यंतचा पट्टा प्रत्येकाच्या अनुभवात सारखाच मोठा असतो, मग एकाचे ३०० वॅट असोत आणि दुसऱ्याचे १००. त्या पट्ट्यावर आकड्यांशेजारी शब्द बसवले, हलकं, थोडं जड, जड, खूप जड वगैरे. १९६२ मधे प्रबंध झाला, आधी २१ पायऱ्यांची स्केल होती, मग १९७० च्या पेपरमधे ती प्रसिद्ध ६ ते २० वाली आली.

६ पासून कोण मोजायला सुरुवात करतं, असं पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. त्यामागे हार्ट रेट आहे. मध्यमवयीन निरोगी माणसात आकड्याला दहाने गुणलं की ठोके साधारण जुळावेत, म्हणजे १३ सांगितलं तर १३० च्या आसपास, अशी ती बेतलेली होती. पण हे अक्षरशः घेऊ नका, वय, व्यायामाचा प्रकार, हवा, घाबरलेपण या सगळ्याने ठोके बदलतात असं बोर्गनेच बजावलं होतं. लोकांनी नेमकं गुणाकाराचं सूत्र लक्षात ठेवलं आणि इशारा सोडून दिला.

स्केल पसरली ती हृदयरोग्यांच्या व्यायामात, आणि कारण साधं होतं, बीटा ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके औषधच दाबून ठेवतं, मग ठोक्यांवरून व्यायाम ठरवणार कसा? तिथे पेशंटला विचारणं हाच जास्त भरवशाचा मार्ग ठरला. अजूनही मध्यम व्यायाम म्हणजे १२-१३ असं तिथे सांगतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बोर्गने ० ते १० ची दुसरी स्केल आणली, धाप किती लागली हे विचारायला दवाखान्यात तिचंच रूप वापरतात.

आता ट्रेनिंग लोडची, म्हणजे व्यायामाचा एकूण किती भार पडला ते मोजायची गोष्ट, ती वेगळ्याच गावची. कॅनडात एरिक बॅनिस्टर १९७० च्या दशकात ट्रेनिंगचं गणित मांडत होता, त्यातून पुढे ठोके आणि मिनिटं मिळून एक आकडा काढायची पद्धत आली. पद्धत चांगली, पण वेट ट्रेनिंग किंवा स्प्रिंटमधे ठोके खरी गोष्ट सांगत नाहीत. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधे कार्ल फॉस्टरने ठोके काढून टाकले आणि तिथे माणसाचं उत्तर बसवलं. सेशन संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने विचारायचं, एकूण कसं गेलं, ० ते १० मधे सांग, आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. ६० मिनिटं गुणिले ५, लोड ३००. अर्धा तास थांबायचं ते अशासाठी की शेवटचं स्प्रिंट डोक्यात ताजं असताना अख्ख्या सेशनचं उत्तर बिघडू नये.

फॉस्टरचं मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे मोनोटनी, म्हणजे आठवडा किती एकसुरी गेला त्याचा आकडा, आणि त्यामागे चक्क घोडे आहेत. १९९४ मधे नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात घोड्यांचे कठीण दिवस वाढवत नेले तरी ते निभावत होते, हलके दिवसही कठीण केले तेव्हा कोलमडले. फॉस्टरने १९९८ मधे हे माणसांना लावलं, आठवड्याच्या रोजच्या लोडची सरासरी भागिले त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे दिवसादिवसात किती चढउतार आहे त्याचं माप. ५००, १००, ५००, १००, ५००, १००, ० असा आठवडा आणि ३०० चा एक दिवस नि बाकी सगळे २५० असा आठवडा, बेरीज दोन्हीकडे १८०० च, पण पहिल्याची मोनोटनी साधारण १.२ आणि दुसऱ्याची दहाच्या वर. त्याच्याच आणखी एका अभ्यासात दिसलं की कोचने हलका ठरवलेला दिवस खेळाडू जास्त जोरात करतात आणि कठीण दिवस कमी जोरात. आपल्या ग्रुपमधे रिकव्हरी रनला शर्यत लावणारे असतातच की.

२०१४ मधे ऑस्ट्रेलियात फास्ट बॉलर्सवर हेच मोजलं, टाकलेले बॉल एकीकडे आणि सेशन आरपीई दुसरीकडे, आणि आधीच्या आठवड्यांच्या मानाने लोड अचानक उसळला की इंजुरीचा धोका वाढतो असं निघालं. त्यातून आलेलं चालू आठवडा भागिले चार आठवड्यांची सरासरी हे गुणोत्तर काही वर्षं सगळ्या टीम्सनी डोक्यावर घेतलं, मग इम्पेलिझेरीसारख्या संशोधकांनी त्याचं गणितच कच्चं आहे म्हणून ते झोडपलं. मला त्यांचं पटतं. पण ते भांडण भागाकाराचं आहे, आरपीई गोळा करणं त्यापायी कोणी सोडलेलं नाही.

जिममधला आरपीई मात्र आणखी तिसराच, तो पॉवरलिफ्टिंगमधून आला. तिथे ८ म्हणजे अजून दोन रेप्स (वजन उचलायच्या फेऱ्या) निघाल्या असत्या. त्यामुळे रनिंगवाल्याचा ८, जिमवाल्याचा ८ आणि हृदयरोग विभागातल्या जुन्या स्केलवरचा ८, जो जेमतेम फिरायला निघाल्यासारखा असतो, हे एकाच एक्सेलमधे भरू नका.