‘फ्रेंच आटे म्हणजे भंगार’ हे खरं नाही
जुनी फ्रेंच टूरिंग सायकल दिसली की कुणीतरी सांगतंच, ‘आटे वेगळे, पार्ट मिळत नाहीत, नाद सोडा.’ या समजापायी चांगल्या सायकली भंगारात जातात. मुळात १९८० च्या दशकात बऱ्याच फ्रेंच कंपन्या ब्रिटिश, म्हणजे ज्यांचे पार्ट सहज मिळतात अशा, आट्यांकडे वळल्या होत्या. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या बेअरिंगच्या) कपावर, म्हणजे फ्रेममध्ये आट्यांवर बसणाऱ्या वाटीवर, ‘३५ × १’ कोरलेलं असेल तर आटे फ्रेंच किंवा स्विस. चेनच्या बाजूचा फ्रेंच कप घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो, स्विस कप काट्यांच्या दिशेने. न बघता जोर लावलात तर आटेच जातील. शिवाय कप सहसा बदलावे लागतच नाहीत. नवे छर्रे आणि ग्रीस पुरतं.

मला धास्ती वाटते ती पोलादी फ्रेममध्ये घट्ट चिकटलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सीटपोस्टची, म्हणजे सीटखालच्या दांड्याची. बोल्ट सैल करून हा दांडा फिरतो का, ते पैसे देण्याआधी बघा.