अमेरिकन सांगाडा, महालक्ष्मीची पाठ

महालक्ष्मीच्या शर्यतींतून निवृत्त झालेले काही थरोब्रेड पुढे रपेटीच्या कामी लागतात. मुंबईत त्यांच्या पाठीवर बहुधा इंग्लिश खोगीरच दिसतं. एखाद्याने हौसेने वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन गुराख्यांचं खोगीर, मागवायचं ठरवलं की पहिला प्रश्न समोर येतो: सेमी क्वार्टर हॉर्स बार्स घ्यायचे की फुल, म्हणजे आतल्या सांगाड्याचं माप मधलं की रुंद? खरं तर या प्रश्नाचा मुंबईच्या घोड्यांशी काही संबंध नाही.

आपल्याकडच्या नुसत्या भरावाच्या खोगिराला मापाची फारशी चिंता नव्हती. भराव दबतो आणि पाठीचा आकार घेतो. तोटा एवढाच की स्वाराचं वजन थेट कण्यावर येतं. आत लाकडी सांगाडा, म्हणजे ट्री आली, की कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन लांब पट्ट्या बसतात. त्यांनाच बार्स म्हणतात. वजन त्या पट्ट्यांवर पसरतं आणि कणा मोकळा राहतो. पण लाकूड काही दबत नाही. मापाची कटकट सुरू झाली ती इथून.

1519 मध्ये कोर्तेसच्या स्वारीबरोबर स्पॅनिश घोडे आणि खोगिरं मेक्सिकोत उतरली. तिथल्या गुराख्यांनी, व्हाकेरोंनी, समोर शिंग बसवलं. फास टाकला की दोराचा वेढा त्या शिंगाला द्यायचा. उधळलेल्या बैलाचा हिसका आता शिंगावाटे सांगाड्यावर येऊ लागला, म्हणून सांगाडा दणकट झाला. लाकडावर ओलं कच्चं चामडं ताणून शिवायचं. वाळताना ते आवळतं आणि सगळे सांधे घट्ट धरून ठेवतं. अमेरिकन यादवी युद्धानंतर टेक्सासहून गुरांचे तांडे उत्तरेला निघाले, तेव्हा दिवसदिवस खाली न उतरणाऱ्या स्वाराखाली हेच खोगीर होतं.

त्या काळचे रँचवरचे घोडे तसे अरुंद अंगाचे होते. 1940 मध्ये क्वार्टर हॉर्स या अमेरिकन जातीसाठी अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन स्थापन झाली. या रुंद, गोल पाठीच्या, खांद्यावर कमी उंचवटा असलेल्या घोड्यांचं पीक वाढलं आणि कारखान्यांनी बार्स रुंद केले. त्यांना फुल हे नाव मिळालं, मधल्या मापाला सेमी. ही नावं सगळ्यांची एक, माप मात्र ज्याचं त्याचं. एका कारखान्याचं सेमी दुसऱ्याच्या फुलशी सहज जुळेल.

एकोणिसाव्या शतकात आखातातून मुंबई बंदरात उतरणाऱ्या अरबी घोड्यांची पाठ आखूड. तिला लांब बार मागे कमरेत टोचतो. थरोब्रेडचा उंचवटा उंच आणि धारदार. रुंद सांगाडा पुढे खाली बसतो आणि थेट त्या हाडावर टेकतो. तिथे जाड नमदे, म्हणजे खोगिराखालच्या गाद्या, घालत बसणं म्हणजे शब्दशः खोगीरभरती. मारवाडी घोड्याच्या बाबतीतही अनेकदा हाच अनुभव.

समोरची रुंदी हे एकच माप झालं. बारचा उतार, त्याला दिलेला पीळ आणि लांबीतला बाक यांवर खरं जमतं. बाक कमी पडला की बार पुढच्या नि मागच्या टोकाला टेकतो, मध्ये पोकळी राहते. नमदा न घालता खोगीर ठेवून खाली हात सरकवला की ती पोकळी बोटांना लागते. घाम आलेल्या पाठीवर एखादा कोरडा ठिपका राहिला, तर तिथे दाब जास्त पडत असण्याची शक्यता मोठी.

कानपूरला खोगिरं बनवणारे मोठ्या संख्येने आहेत. त्यांना मागणी नोंदवताना सेमी-फुल लिहिण्यापेक्षा खांद्याच्या फऱ्यामागे वाकणारी जाड तार बसवून तो आकार पुठ्ठ्यावर उतरवावा. पाठीच्या मध्यावर नि शेवटाला तसेच आणखी दोन काढावेत आणि तिन्ही पुठ्ठे मागणीबरोबर पाठवावेत.