घरात मांजर आहे? मग फुलं आणि रोपं निवडताना हे वाचा

रोप किंवा पुष्पगुच्छ मागणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो : घरात मांजर आहे का? भेट दुसऱ्याच्या घरी जाणार असेल, तर त्या घरी आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर आम्ही लिली देत नाही. ग्राहकाने आग्रह धरला तरीही नाही. कधी कोणाला याचं वाईट वाटतं, म्हणून कारण इथे सविस्तर सांगतो.

खऱ्या लिलीचा, म्हणजे पुष्पगुच्छात दिसणाऱ्या मोठ्या, सहा पाकळ्यांच्या ओरिएंटल, एशियाटिक आणि ईस्टर लिलीचा, प्रत्येक भाग मांजरासाठी विषारी आहे. फूल, पान, देठ, कंद, परागकण, इतकंच काय, ती ठेवलेल्या फुलदाणीतलं पाणीसुद्धा. बागेत लावतात ती डे लिलीही तशीच. एखादं पान चघळलं किंवा अंगाला लागलेले परागकण चाटले, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजर दिवसभर अंग चाटून स्वच्छ करतं, त्यामुळे फुलाला नुसतं घासून गेलेलं मांजरही धोक्यात असतं. हेच कुत्र्याने खाल्लं तर बहुधा पोट बिघडण्यावर निभावतं. मांजराची मूत्रपिंडं मात्र जातात. नेमकं कोणतं द्रव्य हे घडवतं, ते अजून सापडलेलं नाही आणि त्यावर उतारा नाही.

डाग पडू नयेत म्हणून फुलवाले लिलीचे परागकोष कापून टाकतात. ‘पराग काढलेत, आता काही होत नाही’ असं तुम्हाला कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाकळ्या आणि पानं तिथेच असतात.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढची आहे. लिली खाल्लेलं मांजर पहिल्या काही तासांत ओकतं, लाळ गाळतं, मलूल होतं. मग ओकणं थांबतं आणि घरच्यांना वाटतं, निभावलं. आत मूत्रपिंडांची हानी चालूच असते, आणि 24 ते 72 तासांत ती निकामी होतात. खाल्ल्यापासून साधारण 18 तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने मावळते. म्हणून लक्षणांची वाट पाहू नका. कुरतडलेलं पान किंवा नाकावर पिवळी पूड दिसली, की लगेच निघा.

नावांचा घोळही समजून घ्या. पीस लिली आणि कॅला लिली या खऱ्या लिली नाहीत. मनी प्लांट, डिफेनबेकिया, फिलोडेन्ड्रॉन, मॉन्स्टेरा यांच्याप्रमाणे त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावताच तोंडात टोचतं, आग होते, मांजर लाळ गाळत पंजाने तोंड घासतं. मूत्रपिंडं जात नाहीत, पण घसा सुजला तर श्वास अडू शकतो, डॉक्टरांना दाखवाच. मनी प्लांटच्या लोंबत्या वेली म्हणजे मांजराला खेळायचं आमंत्रण. उंचावर टांगून भागत नाही. मांजर चढतं, आणि पानं खालीही गळतात.

‘पाम’ या शब्दानेही अशीच फसगत होते. अरेका पाम निर्धोक आहे. सागो पाम, ज्याला सायकस म्हणतात, तो मुळात पाम नाहीच. त्याचा प्रत्येक भाग यकृत निकामी करतो, बिया सर्वाधिक. कण्हेर आणि पिवळी कण्हेर हृदयाचे ठोके बिघडवतात. कण्हेरीची वाळलेली पानंही तितकीच घातक, त्यामुळे छाटणीचा कचरा कोपऱ्यात साठवू नका. कलांचोचंही विष हृदयावरच जातं. कोरफडीने उलट्या-जुलाब होतात.

खाल्ल्याची शंका आली तर पशुवैद्यांना फोन करा आणि पहिल्याच वाक्यात झाडाचं नाव सांगा. किती वाजता खाल्लं, अंदाजे किती, तेही. कुरतडलेला तुकडा किंवा झाडाचा फोटो सोबत न्या. अंगाला पराग लागले असतील तर मांजराला टॉवेलात गुंडाळून चाटण्यापासून रोखा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या, पण त्यासाठी निघायला उशीर करू नका. मीठ किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन घरी ओकवू नका; त्यानेच मांजराला इजा होते.

मांजर आहे म्हणून घर हिरवं ठेवायचं नाही, असं मात्र अजिबात नाही. स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, आफ्रिकन व्हायोलेट निर्धास्त ठेवा. कोरफडीसारखं काही हवं असेल तर हॉवर्थिया घ्या. फुलांत गुलाब (काटे काढून), जरबेरा, फॅलेनॉप्सिस ऑर्किड. शिवाय एका पसरट कुंडीत गहू किंवा ओट पेरा. मांजराला पाती चघळायला आवडतात. स्वतःची कुंडी मिळाली की इतर झाडांकडचा ओढा बराच कमी होतो. तरी तेवढ्यावर विसंबून विषारी झाड शेजारी ठेवू नका.

आमच्याकडून आधी नेलेल्या रोपाचं नाव आठवत नसेल, तर पान आणि फूल स्पष्ट दिसेल असा फोटो आणून दाखवा. आम्ही ओळखून सांगू, आणि घरात नको असलेलं रोप परत घेऊन दुसरं देऊ. पण मांजराने आधीच काही खाल्लं असेल, तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. थेट दवाखान्यात जा.