न उघडता कळणारे टपाल

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये जिन्याखाली टपालपेट्यांची रांग असते, आणि जाता-येता पेटीच्या फटीतून नजर टाकली की कुलूप न काढताही पत्र आले आहे की नाही ते समजते. लिनक्स ही संगणक प्रणाली असलेल्या सर्व्हरवर कमांड लाइन वापरणाऱ्याला, म्हणजे आज्ञा (कमांड) टाइप करून काम करणाऱ्यालाही अशीच सोय असते. तिच्यामागची युक्ती मला फार देखणी वाटते.

सर्व्हरच्या आतल्या आत येणारे टपाल, म्हणजे मुख्यतः रात्री ठरल्या वेळी चाललेल्या कामांचे अहवाल, बहुधा प्रत्येक वापरकर्त्याच्या नावे असलेल्या एकाच फाइलमध्ये साठते आणि नवे पत्र तिच्या शेवटी जोडले जाते. फाइलमध्ये शेवटचे कधी लिहिले गेले आणि ती शेवटची कधी वाचली गेली, या दोन वेळा प्रणाली नोंदवून ठेवते. लिहिण्याची वेळ वाचण्याच्या वेळेनंतरची असेल, तर टपाल नवे आहे. एवढी तुलना पुरते. पत्रातले एक अक्षरही वाचावे लागत नाही. फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' या कमांडला 'एल' हा पर्याय दिला तर पहिली वेळ दिसते, 'एलयू' दिला तर दुसरी. पहिली ६:१० आणि दुसरी आदल्या रात्रीची ९:४५ असेल, तर पहाटे काहीतरी आले आहे. टाइप केलेल्या कमांड चालवणारी बॅश शेल ही तपासणी एरवी दर ६० सेकंदांनी करते, पण पुढचा प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड मागणारी खूण, दाखवण्याच्या क्षणीच. म्हणून एंटर दाबेपर्यंत सूचना दिसत नाही.

तत्काळ वर्दी देण्यासाठी १९८० मध्ये बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आधीच्या तशाच एका प्रणालीत, 'बिफ' ही कमांड आली. हे नाव तिथल्या एका कुत्र्याचे.

वाचनाची वेळ नोंदवण्याला मात्र किंमत आहे, कारण फाइल नुसती वाचली तरी डिस्कवर लिहावे लागते. मी पूर्वी पुण्यातल्या ज्या सर्व्हरवर काम करत असे, तिथे वेग वाढवण्यासाठी ही नोंद बंद केली गेली, आणि पत्र वाचून झाले तरी प्रत्येक लॉगिनला 'नवे टपाल आहे' अशी सूचना येऊ लागली. मी दोन दिवस मेलच्या प्रोग्राममध्ये दोष शोधत राहिलो. दोष तिथे नव्हताच.

लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, यावर काढलेला तोडगा 'रेलाटाइम' या नावाने ओळखला जातो आणि २००९ च्या २.६.३० या आवृत्तीपासून तो आपोआप लागू असतो. वाचनाची जुनी नोंद लेखनाच्या आधीची असेल किंवा तिला २४ तास उलटले असतील, तरच ती बदलायची, असा हा नियम आहे. नव्या पत्रानंतरचे पहिले वाचन त्यात नेमके टिपले जाते आणि बाकीचे बहुतेक निरर्थक लेखन टळते.

जीमेलसारखे टपाल दूरच्या सर्व्हरवर असल्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. आयमॅप या टपाल-सर्व्हरशी बोलण्याच्या भाषेत न वाचलेल्या पत्रांची संख्या थेट विचारावी लागते. आमच्या त्या सर्व्हरवर पुढे रेलाटाइम लावल्यावर मी बॅकअपचे पत्र वाचून पुन्हा लॉगिन केले, तेव्हा टपाल 'जुने' असल्याची सूचना आली.