हाडं खाणारी माती

देशावर वस्तीला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. शेकडो वर्षं एकाच जागी चुलीतली राख, पडक्या भिंतींची माती, शेण, केरकचरा पडत राहिला की माती फिकट होते, टेकाड वाढतं. उत्खनन करणाऱ्याला ते लांबूनच दिसतं.

कोकणात ही चैन नाही. घरं वाडीवाडीत विखुरलेली, भिंती जांभ्याच्या. घर पडलं की तेच चिरे उचलून नवं उभं राहतं. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतलं सेमुल्ला, कान्हेरीच्या शिलालेखांतलं चेमूल म्हणजे आपलं अलिबागजवळचं चौल. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे नावाजलेलं बंदर आज नारळी-पोफळीच्या सावलीत आहे.

त्यात जांभ्याची माती आम्ल, पाऊस धो धो. पुरलेलं हाड हळूहळू विरघळून जातं. शिंपल्यांच्या ढिगात पडलं तर मात्र वाचतं, कारण शिंपल्यातला चुना आम्ल मारतो. पण गंमत पुढेच आहे. हाड गेलं तरी त्यातला फॉस्फरस सहसा वाहून जात नाही. त्याच मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून ठेवतात. म्हणून चौकोन आखून जागोजागची चिमूट-चिमूट माती तपासली, की गोठा कुठे, उकिरडा कुठे याचा अंदाज येतो. नारळाच्या आगरात कुणी सुपर फॉस्फेटचं खत टाकलेलं नसावं, एवढीच प्रार्थना.

मला सर्वांत आवडतं ते सारवण. खड्ड्याची उभी भिंत थापीने तासली, वर थोडं पाणी शिंपडलं, की थर उठून दिसतात. त्यातला जमिनीचा थर ढेकळासकट उचलून राळेत भिजवतात, कडक झाला की घासून 0.03 मिलिमीटर पातळ करतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो पापुद्र्यांच्या चळतीसारखा दिसतो. शेणातल्या गवताचे सिलिकाचे कण आडवे निजलेले. गवत कुजून गेलं, सिलिका राहिली. भाताच्या तुसाचे कण तर आकारावरून ओळखू येतात. एकेक पापुद्रा म्हणजे कुणीतरी उकिडवं बसून फिरवलेला हात.

काळा थर दिसला की चूल, असं मात्र समजू नये. आपल्याकडे राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात. त्याची काजळी पातळ, लांबवर पसरलेली आणि पुढे नांगराने विस्कटलेली. चुलीखालची माती एकाच जागी पुन्हा पुन्हा तापून विटेसारखी लाल होते. तापल्याने मातीतल्या लोहाचे चुंबकीय गुणही बदलतात, पण जांभ्यात लोह मुळातच भरपूर. त्यामुळे शेजारच्या न भाजलेल्या मातीशी ताडून पाहिल्याशिवाय त्या मोजमापाला अर्थ नाही.

खालचा थर जुना, वरचा नवा, हा नियम डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनोने 1669 मध्ये मांडला. माड लावायला खणलेल्या खड्ड्याला तो माहीत नसतो. खड्डा वरून निघतो, दोन-तीन थर कापत खाली जातो आणि भरताना नवं-जुनं सगळं एकत्र होतं. म्हणून आधी त्या खड्ड्याची कड शोधायची, त्यातली माती वेगळी काढायची, मगच खालच्या थराला हात लावायचा. खेकड्याच्या बिळातून घसरलेलं कौल तरीही एखादं सापडतंच.